वेशीवरची हाक

सोलापुरात तुळजापूर वेस आहे, विजापूर वेस आहे, बाळी वेस आहे. जुन्या वेशी गेल्या, नावं राहिली. रिक्षावाल्याला सांगायला आणि दुकानाचा पत्ता द्यायला ती रोज उपयोगी पडतात. वेस म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही. गावात येणारा प्रत्येकजण वेशीतून येई. बातमी आधी वेशीवर पोचे, परका तिथेच पारखला जाई, लेकीला सासरी पाठवताना माणसं वेशीपर्यंत जात.

बायबलच्या जुन्या करारातल्या गावांनाही अशाच वेशी होत्या. गावचे वडीलधारे तिथे न्यायनिवाड्याला बसत. जमिनीचा व्यवहार असो की वारसाचा प्रश्न, तो वेशीत साक्षीदारांसमोर मिटे. रूथ या परदेशी विधवेशी लग्न करण्याचा आपला निर्णय बवाजाने वेशीतच, दहा वडीलधाऱ्यांना बसवून पक्का केला. थोडक्यात, ही पुरुषांच्या बैठकीची जागा होती.

‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात नेमक्या याच जागी एक स्त्री उभी राहते आणि मोठ्याने हाक मारते. रस्ते जिथे मिळतात तिथे, उंचवट्यावर, वेशीच्या तोंडाशी. तिची हाक भोळ्यांसाठी आणि अजाणांसाठी आहे. माझा बोध सोन्यारुप्याहून मोलाचा आहे, असं ती सांगते. राजे न्यायाने राज्य करतात ते माझ्यामुळे, असंही सांगते. मग तिचं बोलणं एकदम निराळ्या उंचीवर जातं. डोंगर रोवले गेले नव्हते, समुद्राला मर्यादा घातली नव्हती, तेव्हापासून मी देवाजवळ आहे. तो आकाश मांडत होता तेव्हा मी तिथे होते, रोज त्याच्यापुढे खेळत होते, आणि माणसांच्या सहवासात मला आनंद होता.

मूळ हिब्रूत तिचं नाव आहे होखमा. म्हणजे ज्ञान, शहाणपण, प्रज्ञा. ही होखमा कोण, हा प्रश्न ख्रिस्ती विचाराला दोन हजार वर्षं सुटलेला नाही. त्या प्रश्नाचा एक धागा सोलापूर जिल्ह्यातून, पंढरीच्या वाटेवरून जातो. तो धागा धरून हे प्रकरण पुढे जाईल.

शब्दाचं लिंग आणि देवाचं रूप

होखमा हा हिब्रू शब्द स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये तिची सोफिया झाली, लॅटिनमध्ये सापिएन्तिया. दोन्ही स्त्रीलिंगीच. मराठी बायबलात मात्र तिच्या जागी ‘ज्ञान’ हा शब्द आला आणि ती नपुंसकलिंगी झाली. वेशीवरची बाई भाषांतराच्या उंबरठ्यावर हरवली.

पवित्र आत्म्याचंही असंच झालं. हिब्रूत आत्म्यासाठी, वाऱ्यासाठी आणि श्वासासाठी एकच शब्द आहे, रूआख, आणि तो बहुधा स्त्रीलिंगी वापरला जातो. ग्रीकमध्ये त्याचं न्यूमा झालं, नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये स्पिरितुस, पुल्लिंगी. मराठीत ‘आत्मा’, तोही पुल्लिंगी. एकच श्वास चार भाषांतून जाताना तीन लिंगांतून गेला.

मराठी वाचकाला हे चटकन कळतं, कारण तो लहानपणापासून तो, ती, ते यांच्यात वाढलेला असतो. दगड पुल्लिंगी असतो म्हणून पुरुष होत नाही आणि भिंत स्त्रीलिंगी असते म्हणून बाई होत नाही, हेही त्याला ठाऊक असतं. ‘मूल’ नपुंसकलिंगी म्हणतो, तरी अंगणात खेळणारं मूल मुलगा किंवा मुलगीच असतं. तेव्हा केवळ व्याकरणावरून देवाचं स्त्रीरूप सिद्ध होत नाही, ही खूणगाठ आधीच बांधलेली बरी.

पण कवीच्या हाती स्त्रीलिंगी शब्द पडला की चित्रही त्याच वळणाने उमटतं. ‘नीतिसूत्रे’च्या नवव्या अध्यायात होखमा स्वतःचं घर बांधते, त्याला सात खांब घडवते. स्वयंपाक करते, द्राक्षारस तयार ठेवते, पानं मांडते आणि दासींना गावभर धाडून जेवायला बोलावते. आमंत्रण कुणाला? ज्यांना अजून समज आलेली नाही त्यांना. शहाणपण दारात ताटकळत ठेवत नाही, घरी बोलावून वाढतं. असं चित्र काढायला भाषेने दार उघडून दिलं आणि श्रद्धा त्या दारातून आत गेली.

सिरियाक ही येशूच्या अरामी बोलीची सख्खी बहीण. तिच्यात आत्म्याला रूहा म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. या भाषेत लिहिणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी इसवी सन 400च्या सुमारापर्यंत पवित्र आत्म्याविषयी सहजपणे ‘ती’ असं लिहिलं. चौथ्या शतकातल्या अफ्राहातने तर देवाला पिता आणि पवित्र आत्म्याला माता म्हटलं. पुढे ग्रीक चर्चचा प्रभाव वाढला आणि तोच शब्द पुल्लिंगी क्रियापदांसह लिहिला जाऊ लागला. ही भाषा आपल्यापासून फार लांबची नाही. केरळच्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्ये तिच्यातल्या प्रार्थना शतकानुशतकं म्हटल्या गेल्या.

एका क्रियापदाचा वाद

येशूनंतरच्या पिढीला होखमा जवळची वाटली. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला देवाचं सामर्थ्य आणि देवाचं ज्ञान म्हटलं. तिथे मूळ शब्द सोफिया आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचताना तर ‘नीतिसूत्रे’चा आठवा अध्याय कानात घुमतो. आरंभी देवाजवळ असलेला, ज्याच्याद्वारे सगळं निर्माण झालं तो ‘शब्द’. वर्णन होखमाचं आहे. मात्र योहानाने सोफियाऐवजी लोगोस हा शब्द घेतला, आणि लोगोस पुल्लिंगी.

आता एक क्रियापद जवळून पाहू. आठव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात होखमा सांगते की देवाने सृष्टीच्या आरंभी मला असं असं केलं. हे ‘केलं’ म्हणजे नेमकं काय? हिब्रूतलं क्रियापद आहे ‘काना’. मिळवणं, आपलं करून घेणं, असा त्याचा अर्थ. पहिलं मूल झाल्यावर हव्वा जे बोलते त्यातही हेच क्रियापद येतं, म्हणजे पोटी मूल लाभण्याची छटाही त्यात आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘निर्माण केलं’ असा शब्द पडला.

अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या पाळकाने हे ग्रीक वचन उचललं. ज्ञान म्हणजे ख्रिस्त, आणि ज्ञान निर्माण केलेलं असेल तर ख्रिस्तही देवाची निर्मिती ठरतो, देवाच्या बरोबरीचा ठरत नाही. या मतावरून साम्राज्यभर रान पेटलं. सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली निकाया इथे धर्मसभा बोलावली. ख्रिस्त जन्म पावलेला आहे, निर्माण केलेला नाही, हा तिथला निर्णय आजही रविवारच्या उपासनेत मतांगीकाराच्या रूपाने म्हटला जातो. या निर्णयाची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसने पुढे त्याच बाविसाव्या वचनाचा अर्थ लावण्यासाठी पानंच्या पानं खर्ची घातली. ख्रिस्ती इतिहासातला सर्वांत मोठा वाद वेशीवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या बोलण्यावरून रंगला होता.

वाद मिटता मिटता ती स्त्री मात्र नजरेआड झाली. ज्ञान म्हणजे पुत्र, हे समीकरण पक्कं झालं. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने ज्ञान म्हणजे पवित्र आत्मा असं म्हटलं होतं, पण ते मत मागे पडलं. शिवाय त्याच काळात ज्ञेयवादी म्हणवणारे पंथ सोफियाच्या निराळ्याच कथा सांगत होते. त्यांत ती दिव्य लोकातून ढळते आणि तिच्या चुकीतून हे दुःखी जग उपजतं. अशा कथांची धास्ती घेतलेल्या चर्चने सोफियाविषयी जपून बोलायला सुरुवात केली.

नाव तरीही राहिलं. सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलमध्ये बांधलेलं महामंदिर 27 डिसेंबर 537 रोजी खुलं झालं. जवळपास 31 मीटर रुंदीचा घुमट डोक्यावर तोलणारी ती वास्तू म्हणजे हागिया सोफिया. सोफिया नावाच्या कुणा संतिणीची ती आठवण असावी, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. तिच्या नावाचा अर्थ ‘पवित्र ज्ञान’ असा आहे आणि ती ख्रिस्ताला अर्पण केलेली होती. रशियातल्या नोवगोरोदच्या परंपरेतल्या पवित्रचित्रात सोफिया तेजाळ चेहऱ्याची, पंख असलेली, सिंहासनावर बसलेली दिसते आणि तिच्या एका बाजूला मरिया उभी असते. विसाव्या शतकात सेर्गेई बुल्गाकोव्ह या रशियन धर्मचिंतकाने सोफियाभोवती सगळं तत्त्वज्ञान उभारलं, तेव्हा 1935 साली मॉस्कोच्या धर्मपीठाने त्याची शिकवण नाकारली. इतक्या शतकांनंतरही ती हाक चर्चला अस्वस्थ करत होती.

मरिया आणि माउली

मरिया मग देवाच्या मातृरूपाची जागा घेते का? चर्चने ही रेघ स्पष्ट ओढली आहे. इफिस इथल्या 431 सालच्या सभेने मरियेला ‘देवमाता’ ही पदवी दिली, पण ती देव नाही. तिची आराधना नाही, तिचा सन्मान आहे. पण माणसाला आईची ओढ असते आणि ती ओढ मरियेकडे वळली. मुंबईच्या वांद्र्याच्या टेकडीवरल्या माउंट मेरीला इथल्या जिभेने ‘मोत माउली’ केलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात ‘मतमाउली’ची यात्रा भरते आणि तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. वारकऱ्यांचा शब्द मरियेला इतक्या सहजपणे चिकटला.

पण बायबलात आईची उपमा थेट देवालाही आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. आई एखादवेळ तान्ह्याला विसरेल, मी विसरणार नाही, असंही म्हणतो. येशू यरुशलेमकडे पाहून कळवळतो तेव्हा पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो.

या वाटेने सर्वांत लांब गेली इंग्लंडच्या नॉरविच शहरातली ज्युलियन. मे 1373 मध्ये, तिशीतली असताना, ती मरणपंथाला लागली आणि त्या आजारात तिला ख्रिस्ताची दर्शनं झाली. ती बरी झाली. चर्चला लागून असलेल्या एका खोलीत स्वतःला वाहून घेऊन राहिली आणि त्या दर्शनांचा अर्थ वर्षानुवर्षं उलगडत बसली. इंग्रजीत स्त्रीने लिहिलेलं म्हणून आज हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक तिचं आहे. त्यात ती येशूला सरळ ‘आई’ म्हणते. आई लेकराला अंगावरचं दूध पाजते, येशू प्रभुभोजनात स्वतःलाच भरवतो, असा तिचा विचार. आणि एक बारकावा पाहण्यासारखा आहे. येशूला आई म्हणताना ती सर्वनाम ‘तो’ हेच ठेवते. आमची आई, तो आम्हाला भरवतो, अशी तिची वाक्यरचना आहे.

इंग्रजी वाचक या वाक्याशी अडखळतो. सोलापूरकर अडखळणार नाही. कोजागरीला हजारो माणसं सोलापुराहून तुळजापूरला रात्रभर चालत जातात आणि त्यांच्या तोंडी देवीचा जयघोष असतो ‘आई राजा उदो उदो’. आई आणि राजा, एका श्वासात, एकाच देवतेला. व्याकरण तिथे बाजूला होऊन वाट देतं.

पंढरीच्या वाटेवर

आषाढीच्या आधी ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोचते. या वाटेवर काही तास उभं राहिलं तरी भाषेचं एक नवल दिसतं. पाण्याचा तांब्या पुढे करणारा शेतकरी वारकऱ्याला ‘माउली’ म्हणतो. वारकरी त्याला ‘माउली’ म्हणतो. गर्दीला वाट करून देणारा पोलीसही ‘माउली, जरा बाजूला’ म्हणतो. आळंदीहून ‘माउली निघाली’ म्हणताना क्रियापद स्त्रीलिंगी होतं आणि ज्ञानेश्वर पुरुष होते याचा कुणालाही विसर पडत नाही. कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठ्ठलही संतांच्या तोंडी विठाई होतो.

‘माउली’ म्हणण्यात लिंगाची चर्चा नाही, नात्याची ओळख आहे. जो आपल्याला आपल्या लायकीचा हिशेब न मागता जवळ घेतो, तो माउली.

हा शब्द नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तापुढे ठेवला. टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, चित्पावन घरातला. आईची माया त्यांना लाभली, पण ती लहानपणीच गेली. कवी, वक्ते, धर्माचा शोध घेणारे म्हणून त्यांचं नाव झालं. आगगाडीच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या करारातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचा ताबा घेतला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची वर्षं बरीचशी अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या 1842 पासून निघणाऱ्या नियतकालिकाचं मराठी अंगही त्यांनी सांभाळलं.

आरंभीच्या मिशनरी गाण्यांचं वळण परकं होतं. शब्द मराठी, चाल आणि ठेवण पाश्चात्त्य. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या भजनांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, आणि माउलीही आहे. सोफियाविषयीच्या ग्रीक वादाच्या वाटेला जाण्याची त्यांना गरज पडली नाही. ज्युलियनला एका खोलीत आयुष्य घालवून जे गवसलं, ते टिळकांना पंढरीच्या भाषेने पाळण्यातच दिलं होतं. त्यांची पदं आज महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि सोलापुरातल्या चर्चमध्येही पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

टिळकांच्या घरातली दुसरी बाजूही पंढरपूरला लागून आहे. त्यांच्या धर्मांतरानंतर पतिपत्नींची काही वर्षं ताटातूट झाली. त्यातला काही काळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून उद्ध्वस्त झालेली ही बाई, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, विठोबाच्या गावात दिवस मोजत होती. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अजोड आत्मचरित्र दिलं. टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. जिला शाळा मिळाली नव्हती तिने महाकाव्याचा शेवट लिहिला. वेशीवरच्या हाकेला अशीही उत्तरं येतात.

सात खांबांचं घर

होखमाचं मोठेपण तिच्या प्राचीनतेत जितकं आहे, तितकंच तिने मांडलेल्या पानांत आहे. ती सृष्टीच्या आधीची आहे आणि तरी रस्त्यावर येऊन अडाण्यांना घरी बोलावते. देवाच्या स्त्रीरूपाची चर्चा या आमंत्रणापाशी पोचली नाही, तर ती चर्चाच राहते.

म्हणून शेवटी पंडिता रमाबाईंकडे यावं लागतं. सिद्धांतासाठी नव्हे, कामासाठी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर देशभर पुराणं सांगत फिरलेल्या या मुलीला 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत येऊन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी घर उघडलं. त्या घराचं नाव शारदा सदन.

शारदेचं सदन. ज्ञानाने आपलं घर बांधलं, हे ‘नीतिसूत्रे’तलं वाक्य मराठीत याहून नेमकेपणाने कसं सांगता येईल? पुढे पुण्याजवळ केडगावला, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मुक्ती सदन उभं राहिलं. 1896 नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी वाऱ्यावर पडलेल्या शेकडो मुली तिथे आणल्या. सोलापुरातही त्याच पिढीत मिशनने मुलींसाठी शाळा काढली आणि मेरी हार्डिंग यांनी लहानग्यांचा वर्ग चालवला. त्यांच्या नावाची शाळा शहराला आजही ओळखीची आहे.

केडगावात रमाबाईंनी उतारवयात एक काम हाती घेतलं. सामान्य बाईला समजेल अशा मराठीत सबंध बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. होखमा आणि रूआख हे शब्द त्यांनी मुळातून वाचले, ते स्त्रीलिंगी आहेत हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातल्या मुली खिळे जुळवत, फर्मे छापत, पानं शिवत. दुष्काळात भाकरीसाठी भटकलेले हात शिशाची अक्षरं उचलून शब्द लावत होते. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

मराठीने होखमाचं ‘ज्ञान’ केलं आणि ती नपुंसकलिंगी झाली, असं आपण सुरुवातीला म्हटलं. पण केडगावच्या त्या छापखान्यात तिच्या घराचं वर्णन बायकांनी अक्षर-अक्षर वेचून जुळवलं होतं. भोळ्यांना आणि अजाणांना दिलेलं आमंत्रण, ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनीच छापलं.